बुधवारचा कोरडा कागद

निशिगंधाची गाडी बंद पडली ती दुसरबीडात, भर रस्त्यात, सकाळी साडेसहाला. मागे कापसानं फुगलेला टेम्पो, पुढे शेळ्यांचा कळप. टेम्पोवाल्यानं हॉर्नवर ठेवलेला हात उचलायचं नाव नाही. तिनं किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, दोन उचक्या दिल्या आणि गप्प झालं. स्टिअरिंगमागचा पिवळा दिवा तेवढा शांतपणे जळत राहिला.

“न्यूट्रल करा मॅडम, आन ब्रेक सोडा.”

खिडकीशी कोणीतरी उभं होतं. गळ्यात मफलर, हातात अर्धा प्यालेला चहाचा कप. त्यानं कप गाडीच्या टपावर ठेवला, दाराच्या चौकटीला खांदा लावला आणि एकट्यानं ढकलत गाडी कडेला आणली. चहा सांडला नाही. पुढे कितीतरी दिवस निशिगंधाला त्या सकाळचं आधी हेच आठवायचं... चहा सांडला नव्हता.

“आता एकदा किल्ली फिरवा. बास. बास, राहू द्या.” तो मान कलती करून ऐकत होता, जसं एखाद्या लहान मुलाच्या छातीला कान लावून ऐकावं. “गरम झाली का बंद पडते, आन अर्धा तास उभी ठेवली का काहीच झालं नाई अशी सुरू होते. होये का नाई?”

“तुम्हाला कसं कळलं, भाऊ?”

“तुमच्या तोंडाकडे पाहून. पह्यल्या खेपेले माणूस घाबरते. तुम्ही तर चिडेल आहा. म्हणजे दुखणं जुनं आहे.”

तिला हसू आलं. ते दिसू नये म्हणून तिनं पिशवीत उगाच काहीतरी शोधलं.

त्याचं नाव भागवत. रस्त्याला लागून त्याचं पत्र्याचं दुकान होतं, गाड्यांच्या वायरिंगचं. आणि निशिगंधा उंद्रीची, भाजीपाला पिकवणाऱ्या निवृत्तीची थोरली लेक. एका बियाणं कंपनीसाठी ती या भागातल्या सहा गावांचे प्लॉट पाहायची.

पूर्वी बी ही घरातली गोष्ट होती. बाया एखादं देखणं वांगं झाडावरच पिकू द्यायच्या, त्याचं बी राखेत घोळून मडक्यात ठेवायच्या, आणि लेक सासरी निघाली की चिमूटभर तिच्या पदराला बांधून द्यायच्या. आता त्याच बायांच्या सुना हिरव्या शेडनेटमध्ये टोमॅटोच्या कळ्या चिमट्यानं उघडतात. मादी झाडाची कळी उमलायच्या आदल्या दिवशी तिच्यातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचा पराग लावायचा, आणि कोणत्या दिवशी लावला ते कळावं म्हणून देठाला त्या दिवसाच्या रंगाचा लोकरीचा धागा बांधायचा. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. दोन महिन्यांचा हंगाम. एक कळी चुकली तर चालतं, पण पाहणारं माणूस चुकून चालत नाही... साऱ्या प्लॉटचं बी नापास होतं. आणि पाहायचं ते सकाळी सात ते दहा, जेव्हा त्या गावांना एकही एस.टी. जात नाही.

म्हणून गाडी हवी होती. कंपनीच्या बुलढाण्याच्या ऑफिसातून अविनाश सरांनी आदल्याच दिवशी सांगितलं होतं, “पुढच्या शनिवारपर्यंत गाडीचं काय ते कर. नाहीतर शनिवारपासून तुझं क्षेत्र ऑफिसातल्या सागरकडे. मला तुझं वाईट वाटेल, पण प्लॉटचं जास्त वाटेल.” क्षेत्र गेलं की उंद्री. तीन वर्षं जोडलेल्या बाया, त्यांचे प्लॉट, हे स्वतःच्या पायावर चालणं, सगळं इथंच ठेवून उंद्री.

भागवतनं बोनेट उघडलं, पण इंजिनाकडे फारसं पाहिलंच नाही. तो गाडीच्या आत वाकला. पायाशी, इंजिनाचा वाराही लागणार नाही अशा जागी, गाडीच्या कॉम्प्युटरचा डबा असतो. त्याला वायरी जोडणारा कपलर त्यानं हलकेच ओढून काढला आणि तिच्यासमोर धरला. आतल्या बारीक पिना मधात बुडवल्यासारख्या चमकत होत्या.

“हे काय आहे?”

“इंजिनचं ऑइल.”

“पण इंजिन तर तिकडे आहे. इथं कसं येईल?”

“चढलं.” त्याच्या आवाजात चक्क कौतुक होतं. “दिव्याच्या वातीत चढते ना, तसं. तिकडे खाली तेलाचं प्रेशर पाहणारा एक स्विच असते. त्याचं रबर गेलं, तेल वायरीच्या तोंडात शिरलं. तांब्याच्या तारा आन वरतलं प्लास्टिक, यांच्या मधात केसाएवढी जागा असते. तिच्यातून दोन वर्षं चालून राह्यलं असन ते. बाहेरून वायर कोरडी ठक्क. कोणाले दिसन?”

“तीन मेकॅनिक झाले. एकानं प्लग बदलले, एकानं बॅटरी, एकानं सांगितलं गाडी विका.”

“विकू नका. गाडीची काही चूक नाई. तिले खबरच चुकीची पोचून राह्यली.”

“किती दिवस लागतील?”

त्यानं हात पुसता पुसता तिच्याकडे पाहिलं. “घाई आहे का? घाईवाल्याचं काम मी घेत नाई. वरतून पुसून दिलं तर आठ दिवस चालन, मंग भर रस्त्यात तुम्ही मले शिव्या देसान.”

निशिगंधाच्या डोळ्यांसमोर शनिवार उभा राहिला. तिनं तो बाजूला सारला.

“नाही,” ती म्हणाली, “घाई नाही.”

खोटं बोलायला सुरुवात तिनं केली होती. मागाहून हे कबूल करताना तिला चांगलंच जड गेलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला भिमाबाईच्या दारात मोटरसायकल थांबली. निशिगंधा भिमाबाईच्या माडीवरच्या खोलीत राहायची, आणि भिमाबाईचं शेडनेट तिच्याच क्षेत्रात होतं. त्यामुळे भिमाबाईला तिची घरमालकीण म्हणावं की शेतकरी म्हणावं की आई, हे त्या त्या दिवसावर असायचं.

“गाडी मी खोलून ठेवली,” भागवत मोटरसायकलवरून न उतरता म्हणाला. “मंग तुमचं काम अडलं तर ते कोणाच्या माथी? बसा. सोडून देतो.”

“आन दुकान?” भिमाबाईनं दारातून विचारलं.

“दुकान दहाले उघडते, काकू.”

“आजपासून का? काल तर सहाले उघडं होतं.”

भागवतनं किक मारली, आणि कधी नव्हे ती त्याची मोटरसायकल पहिल्या किकला सुरू झाली नाही.

निशिगंधा बसली. दोघांच्या मध्ये तिनं चिमटे, भिंग आणि लोकरीची पिशवी ठेवली. कार्तिकातली सकाळ. तुरीच्या शेतांवर धुकं अंथरलेलं, वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं. भागवतनं गळ्यातला मफलर काढून मागे धरला. मान वळवली नाही. तिनं तो घेतला. त्याला कथील वितळवताना येणारा वास होता, आणि खाली कुठेतरी साबणाचा.

भिमाबाईच्या शेडनेटमध्ये तो दाराशीच उभा राहणार होता. बायांनी राहू दिलं नाही.

“काऊन बे भागवत, पाहून काय राह्यला? घे चिमटा,” एक जण म्हणाली. “वायरी ओढता येतात, कळी येते का उघडता?”

त्यानं चिमटा घेतला. निशिगंधानं एक कळी उघडून दाखवली, एकच. मग तो वाकला, आणि बायांचं हसणं हळूहळू थांबलं. त्याची बोटं जाड होती, नखांच्या कडा काळ्या होत्या, पण कळीला ती अशी लागत होती की झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. निशिगंधानं त्याच्या कळ्या भिंगाखाली पाहिल्या. एकीलाही ओरखडा नव्हता. तिनं पुन्हा पाहिल्या. दुसऱ्यांदा पाहायची गरज नव्हती, हे तिलाही कळत होतं.

“बरं जमतं तुम्हाला.”

“नाजूक कामात एकच गोष्ट असते,” तो चिमटा परत देत म्हणाला. “जीव धरून ठेवायचा. श्वास म्हणतो मी.”

“माय वं,” भिमाबाई कोणाला उद्देशून म्हणाली कोण जाणे, “आता कोणाकोणाचा श्वास धरला जाते पाहू.”

दुपारी निशिगंधा दुकानात यायची. पहिल्या दिवशी गाडी पाहायला आली, दुसऱ्या दिवशी गाडी पाहायला म्हणून आली. वायरींचा सगळा झुबका त्यानं बाहेर काढून आढ्याला टांगला होता, केस मोकळे सोडावे तसा. तेलानं सगळ्या वायरी एकसारख्या काळ्या झालेल्या. कोणती लाल, कोणती हिरवी, काही कळेना. तो कपाळाला आठ्या घालून उभा होता, तेव्हा तिनं पिशवीतून लोकरीचे धागे काढले.

“रोज एक रंग. आम्ही असंच करतो.”

तो धाग्यांकडे पाहत राहिला. “अकरा वर्षं झाली हे काम करून. मले नाई सुचलं कधी.”

मग त्यानं वायर धरायची, कुठून कुठे जाते ते सांगायचं, आणि तिनं दोन्ही टोकांना एकाच रंगाची गाठ मारायची, असं चाललं. पिवळी सेन्सरची. गुलाबी दिव्याची. गाठ आवळताना बोटाला बोट लागायचं, मग दोघंही जरा जास्तच वायरीकडे पाहायचे. त्या संध्याकाळी परत येताना निशिगंधाच्या लक्षात आलं, दिवसभरात आपण एकदाही ‘भाऊ’ म्हटलं नाही. वाक्य नुसतंच सुरू करायचं. “ही कुठली हो?” एवढंच. भिमाबाईच्या ते आदल्या दिवशीच लक्षात आलं होतं.

काम म्हणाल तर पाहत राहावं असं. त्यानं तेलाचा नवा स्विच बसवला. तेल प्यालेल्या वायरी जिथं अगदीच गेलेल्या होत्या तिथं कापून नव्या जोडल्या, आणि प्रत्येक जोडात कथील असं भरलं की तारांमधली केसाएवढी वाटसुद्धा बुजली. “आता चढायचं म्हटलं तरी इथं येऊन थांबन,” तो म्हणाला. कॉम्प्युटरचा डबा उघडून त्यानं ब्रशनं धुतला, उन्हात ठेवला, पुन्हा धुतला. उरलेल्या वायरींतलं तेल निथळायला मात्र वेळ द्यावा लागतो, त्याला औषध नाही. रोज संध्याकाळी तो वायरींची टोकं पांढऱ्या कागदावर सोडायचा आणि सकाळी कागद पाहायचा. डाग पडला म्हणजे आत तेल आहे. कागदावर वार आणि वेळ लिहून तो भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचा. रविवारचा डाग रुपयाएवढा होता. सोमवारचा मसुराएवढा. मंगळवारी मोहरी.

कोणाच्या दुकानात कोणी एवढं करतं? निशिगंधानं तीन मेकॅनिक पाहिले होते. सगळ्यांनी तिला उत्तर दिलं होतं. वाट पाहणारा हाच पहिला.

बुधवारी तिनं विचारलं, “आज कसं?”

“अजून ओल आहे.”

गुरुवारी दुपारी तो पाठमोरा उभा राहून एका पट्टीला कानस मारत होता. पट्टी गुळगुळीत झालेली होती.

“कागद काय म्हणतो?”

“ओल आहे थोडी.”

“शनिवारपर्यंत...?”

कानस थांबली, पुन्हा चालू झाली. “सांगता येत नाई, मॅडम.”

कितीतरी दिवसांनी तो तिला मॅडम म्हणाला होता. तिला ते खटकलं, पण तिला वाटलं, कामाच्या ताणानं असेल.

त्या संध्याकाळी निशिगंधानं अविनाश सरांना फोन लावला. मोटरसायकलवर सहा गावं रोज होत नव्हती. चारच होत होती, आणि उरलेल्या दोन गावांतल्या बायांनी तिला काही म्हटलं नसलं तरी तिची झोप गेली होती. “सर, गाडी होत नाही. प्लॉटचं नुकसान नको. शनिवारपासून सागरला पाठवा,” ती म्हणाली, आणि आवाज फुटायच्या आत फोन ठेवला.

*

शुक्रवारी सकाळी ती मोटरसायकलची वाट न पाहता चालत दुकानात आली.

“आज मला सोडू नका. मी सांगायला आले. उद्यापासून हे क्षेत्र दुसऱ्याकडे गेलं. मी उंद्रीला जाते. गाडी झाली की कळवा, कोणीतरी न्यायला येईल.”

“काऊन?”

“आजपर्यंतची मुदत होती. गाडीची. तुम्ही घाईवाल्याचं काम घेत नाही म्हणून बोलले नाही. तुमची चूक नाही त्यात. तेल निघायला वेळ लागतो, ते काय मी पाहिलं नाही?”

भागवतनं हातातली पक्कड टेबलावर ठेवली. मग तो भिंतीपाशी गेला, खिळ्यावरचे कागद काढले आणि तिच्या हातात दिले.

वरचे दोन कागद स्वच्छ पांढरे होते. कुठे ठिपका नाही. कोपऱ्यात त्याच्या टोकदार अक्षरात लिहिलं होतं: बुधवार, सकाळी सहा. कोरडा. गुरुवार, सकाळी सहा. कोरडा.

तिनं ते दोनदा वाचले.

“गाडी बुधवारीच झालती,” तो म्हणाला.

“मग?”

तो पाठमोरा होऊन रिकामा खिळा चाचपू लागला. बाहेरून ट्रॅक्टर गेला, पत्रे थरथरले.

“तीन वर्षं लागली मले,” निशिगंधा म्हणाली. रागात तिची कंपनीची भाषा गळून पडली होती. “एक-एक बाई जोडली. काल संध्याकाळी मी माझ्या हातानं सोडून दिलं सगळं. तुमच्या एका शब्दावर. साऱ्या दुसरबीडात सांगतात, भागवतचा शब्द म्हणजे शब्द.”

कागद टेबलावर ठेवून ती निघून गेली. गाडीची किल्ली तिथंच खुंटीला होती, तिनं घेतली नाही.

भिमाबाईच्या माडीवर तिनं बॅग भरायला घेतली. एक साडी घडी घालायला तिला अर्धा तास लागला. राग खरा होता. पण रागाच्या खाली दुसरं काहीतरी दुखत होतं, आणि त्याला ती नाव देत नव्हती.

दुपारी तीनला फोन वाजला. अविनाश सर.

“निशिगंधा, हा भागवत कोण आहे?”

तिनं हातातली साडी खाली ठेवली.

“बारा वाजता ऑफिसात येऊन उभा राहिला. डोक्यापासून पायापर्यंत धूळ. दुसरबीडहून मोटरसायकलवर आला म्हणे. माझ्या टेबलावर पाच कागद मांडले आणि मला वायरीत तेल कसं चढतं ते समजावून सांगितलं. मी म्हटलं, बाबा रे, मुद्द्यावर ये. तर म्हणाला, ‘गाडी बुधवारीच झाली होती. मी खोटं बोललो. मॅडमची काही चूक नाही.’ सगळा स्टाफ ऐकत होता. मी विचारलं, का खोटं बोललास? तर म्हणतो, ते तुम्हाला नाही सांगणार, ते त्यांनाच सांगायचं आहे.”

निशिगंधा पलंगावर बसली.

“सागरला मी पाठवत नाही. उद्या सकाळी प्लॉटवर असायचं, सहाच्या सहा. आणि तो काय म्हणतो ते ऐकून घे बाई. चहासुद्धा न घेता निघून गेला.”

*

भागवत परत आला तेव्हा ऊन कलतं झालं होतं. दुकानासमोर, त्याच्याच स्टुलावर, निशिगंधा बसलेली. त्यानं मोटरसायकल लावली आणि चार हातांवर उभा राहिला. पापण्यांवरसुद्धा धूळ होती.

“ऐकायला आले,” ती म्हणाली. “सांगा.”

त्यानं मफलरनं तोंड पुसलं. धूळ नुसती इकडची तिकडे झाली.

“बुधवारी कागद कोरडा निघाला. मले आनंद व्हायले पाह्यजे होता. अकरा वर्षांत पह्यल्यांदा काम चांगलं झालं आन मले वाईट वाटलं.” तो थांबला. “तुम्ही गाडीत बसून जासान. मी इथं. वाटलं... दोन दिवस. दोन सकाळी फक्त. तुमाले घाई नाई म्हणालत्या तुम्ही.”

“मग कागदावर खरं काऊन लिहिलं? तिथंही खोटं लिहायचं होतं.”

“तोंडानं बोललो. हात नाई चालला.”

निशिगंधानं खाली पाहिलं. रागवायचं तर आत्ताच रागवायला हवं होतं. ती रागाला शोधत राहिली, आणि तिला सापडत गेला तो बुलढाण्याच्या ऑफिसात साऱ्या लोकांसमोर पाच कागद मांडून उभा राहिलेला एक माणूस. ज्याच्याकडे शब्दाशिवाय दुसरं काही मिरवायला नव्हतं, त्यानं तोच शब्द आपण मोडल्याचं सांगायला इतकं दूर जावं...

“घाई होती मले,” ती हळूच म्हणाली. “मी पण खोटंच बोलली होती. खरं सांगितलं असतं तर तुम्ही काम घेतलं नसतं.”

“घेतलं असतं.”

“घाईवाल्याचं?”

“दुसऱ्या कोणाचं नसतं घेतलं.”

ती हसली. मग तिनं हसू आवरलं, कारण अजून बोलायचं राहिलं होतं.

“परत माझ्याशी खोटं बोलायचं नाई.”

“नाई.”

“आता खरं सांगा. गाडी कशी आहे?”

“चांगली आहे.” एखाद्या घरी वाईट बातमी घेऊन आल्यासारखा तो बोलत होता. “काहीच होत नाई आता तिले. तुमाले इकडे यायचं कामच नाई पडणार. दोन वर्षं, तीन वर्षं.”

“आन काम नसताना आलं तर?”

तो तिच्याकडे पाहत राहिला. इतके दिवस रस्त्याकडे, वायरीकडे, कळ्यांकडे पाहणारे ते डोळे सरळ तिच्याकडे आले, आणि परत गेले नाहीत.

“या ना,” तो म्हणाला. त्यानं पुन्हा म्हटलं, “रोज या.”

निशिगंधा उठली. आत जाऊन तिनं खुंटीवरची किल्ली घेतली, गाडीत बसली. इंजिन सुरू झालं... एक उचकी नाही, खोकला नाही. संथ, भरल्या पोटाच्या मांजरासारखा आवाज. तिनं तो थोडा वेळ ऐकला. मग काच खाली केली.

“रविवारी उंद्रीले चला. सकाळी निघू. बाबाले दाखवायचं आहे.”

“हाव, चालू ना,” भागवत लगेच म्हणाला. “तोपर्यंत धुऊन ठेवतो. गाडी पाहून खूश होतीन ते.”

“गाडी त्यांनी पाह्यली आहे,” निशिगंधा म्हणाली.